हार्ट अटॅकनंतरचं बीपी: आकडा कसा मोजायचा, कसा वाचायचा आणि कधी धावायचं

जुना बीपीचा त्रास असलेल्या माणसाला हार्ट अटॅक येतो, आठवड्याभरात तो घरी परततो आणि यंत्रावर ११०/७० दिसू लागतं. घरच्यांना वाटतं, एवढं सगळं झालं पण निदान बीपी तरी बरं झालं. दुसऱ्या एखाद्या घरी आकडा १४८ दिसला की जिवाचा थरकाप होतो आणि दर तासाला पट्टा बांधला जातो. दोन्हीकडे चूक एकच होते: आकडा एकटा वाचला जातो. अटॅक येऊन गेल्यावर रक्तदाबाच्या आकड्याशेजारी तीन गोष्टी ठेवाव्या लागतात. अटॅकला किती दिवस झाले, हृदयाची पंपिंगची ताकद किती उरली आहे आणि कोणत्या गोळ्या चालू आहेत. या तीन गोष्टी बदलल्या की तोच आकडा कधी दिलाशाचा ठरतो, कधी काळजीचा.

हा लेख रुग्णासाठी आहे आणि त्याहून जास्त त्याची काळजी घेणाऱ्या घरच्या माणसासाठी आहे. गोळ्यांचे डोस यात मुद्दाम दिलेले नाहीत. ते प्रत्येकाच्या हृदयानुसार आणि किडनीनुसार ठरतात आणि ते काम डॉक्टरांचंच आहे.

वाढलेला दाब हृदयाचं नेमकं काय बिघडवतो

वर्षानुवर्षं वाढलेल्या दाबाविरुद्ध रक्त ढकलून हृदयाचा डावा कप्पा जाड होतो. जाड स्नायूला प्राणवायू जास्त लागतो. हृदयाच्या स्वतःच्या रक्तवाहिन्यांतून डाव्या कप्प्याच्या स्नायूला बहुतेक रक्त दोन ठोक्यांच्या मधल्या विश्रांतीत मिळतं, आणि जाड, ताठर झालेला स्नायू त्या विश्रांतीतही नीट सैल पडत नाही. त्यामुळे आतल्या थराला रक्त कमी पडतं. अशा हृदयात एखादी रक्तवाहिनी बंद पडली की टंचाई लवकर जाणवते, कारण शिल्लक मुळातच थोडी असते.

अटॅकनंतरची गोष्ट आणखी महत्त्वाची आहे. मेलेल्या स्नायूच्या जागी व्रण तयार व्हायला साधारण सहा ते आठ आठवडे लागतात. तोपर्यंत तो भाग कमकुवत असतो. या काळात आणि नंतरही हृदय सतत वाढलेल्या दाबाविरुद्ध काम करत राहिलं, तर तो भाग ताणला जातो, पातळ होतो, कप्प्याचा आकार फुगत जातो. कप्पा फुगला की त्याच्या भिंतीवरचा ताण वाढतो आणि ताण वाढला की तो आणखी फुगतो. अटॅकमधून सुखरूप वाचलेल्या माणसाला काही महिन्यांनी जिना चढताना धाप लागू लागते, पायांवर सूज येते, त्यामागे अनेकदा हीच साखळी असते. जुना उच्च रक्तदाब असलेल्यांमध्ये अटॅकनंतर हार्ट फेल्युअर (म्हणजे हृदयाचं पंपिंग शरीराला अपुरं पडणं), दुसरा अटॅक, पक्षाघात आणि किडनीचा बिघाड यांचं प्रमाण जास्त दिसतं. हृदयाचे ठोके अनियमित होण्याचा आजारही, ज्याला डॉक्टर ‘एएफ’ म्हणतात, अशा हृदयात अधिक आढळतो.

आणखी एक धोका फारसा कोणी समजावून सांगत नाही. स्टेंट, म्हणजे रक्तवाहिनी उघडी ठेवणारी बारीक जाळी, बसवल्यावर रक्त गोठू न देणाऱ्या दोन गोळ्या सहसा एकत्र चालू असतात. त्या चालू असताना दाब दीर्घकाळ खूप वाढलेला राहिला तर मेंदूत रक्तस्राव होण्याचा धोका वाढतो. स्टेंट उघडा राहावा म्हणून गोळी हवीच. म्हणून दाब आटोक्यात असणं दुप्पट गरजेचं.

दाब उतरवल्याचा फायदा किती होतो, याचा अंदाज २०१६ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या एका मोठ्या एकत्रित विश्लेषणावरून येतो. वरचा दाब १० अंकांनी कमी केला तर हृदय आणि रक्तवाहिन्यांच्या मोठ्या दुर्घटना सुमारे २० टक्क्यांनी, पक्षाघात २७ टक्क्यांनी आणि हार्ट फेल्युअर २८ टक्क्यांनी कमी झालेलं त्यात दिसलं. फक्त १० अंक. एखादी गोळी नियमित घेणं आणि मीठ कमी करणं एवढ्यावर हे अनेकांना साधतं.

हॉस्पिटलमधला उलटा हिशोब

इथे अनेकांचा गोंधळ होतो. अटॅक येऊन दाखल होताना ज्याचा दाब कमी असतो त्याला धोका जास्त मानतात. अटॅकच्या रुग्णाचा धोका मोजायला डॉक्टर ‘ग्रेस’ नावाची गुणपद्धत वापरतात. तिच्यात वय, नाडी, किडनीचं काम यांच्यासोबत वरचा दाबही धरतात आणि तो जितका कमी, तितके धोक्याचे गुण जास्त. कारण सरळ आहे. छातीत दुखत असताना, भीतीने आणि वेदनेने शरीरात ॲड्रिनॅलिन उसळत असताना दाब वाढायला हवा. तरीही तो ८५-९० वर असेल, तर पंपच हरतो आहे. १६० असेल तर हृदयात अजून जोर आहे, एवढाच त्याचा अर्थ. उच्च रक्तदाब संरक्षण देतो असा अर्थ त्यातून काढू नये. वर सांगितलेले सगळे तोटे पुढच्या महिन्यांत आणि वर्षांत वसूल होतात.

दाखल होतानाचा दाब फार जास्त असला तर एक अडचण मात्र लगेच उभी राहते. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन द्यायचं असेल आणि दाब १८०/११० च्या वर असेल, तर मेंदूतल्या रक्तस्रावाच्या भीतीने आधी दाब खाली आणावा लागतो. म्हणून ॲम्ब्युलन्समध्ये किंवा कॅज्युअल्टीमध्ये पोचताच ‘बीपीचा त्रास आहे, अमुक गोळ्या चालू आहेत, आजची घेतली आहे किंवा नाही’ हे न विचारताच सांगा.

पहिल्या दिवशी दाब झटपट उतरवायची घाई डॉक्टर का करत नाहीत, असंही नातेवाईक विचारतात. चीनमध्ये झालेल्या आणि २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘कमिट’ या ४५ हजारांहून अधिक रुग्णांच्या चाचणीत मेटोप्रोलॉल हे औषध अटॅकच्या सुरुवातीलाच शिरेतून दिलं, तेव्हा दुसरा अटॅक आणि ठोक्यांचा जीवघेणा बिघाड कमी झाला, पण हृदय कोलमडून शॉकमध्ये जाणाऱ्यांची संख्या वाढली. त्या पहिल्या तासांत संयम हेच उपचाराचं अंग असतं.

पायरी १: डिस्चार्ज घेताना पाच गोष्टी लिहून घ्या

पहिली गोष्ट इकोमधला (हृदयाच्या सोनोग्राफीमधला) ‘ईएफ’चा आकडा, म्हणजे डावा कप्पा प्रत्येक ठोक्याला आतलं किती टक्के रक्त बाहेर फेकतो. ५० किंवा त्याहून जास्त असेल तर पंपिंग चांगलं, ४१ ते ४९ म्हणजे किंचित कमी, ४० किंवा त्याखाली म्हणजे कमकुवत. माझ्या मते घरच्या प्रत्येक मोठ्या माणसाला हा आकडा पाठ असायला हवा. दुसरी गोष्ट रक्तातलं क्रिएटिनिन (यावरून किडनीचं काम कळतं) आणि पोटॅशियम. तिसरी, घरी सोडतानाचा दाब आणि नाडी. चौथी, प्रत्येक गोळीसमोर ती कशासाठी आहे ते. आणि पाचवी, ‘यांचा दाब घरी किती असायला हवा, आणि कितीच्या खाली गेला तर तुम्हाला फोन करू?’ या प्रश्नाचं उत्तर, डॉक्टरांच्या हातचं, कागदावर.

पाचवी गोष्ट विचारायला लोक संकोचतात. संकोचू नका. पुढचे सगळे निर्णय त्या दोन आकड्यांवर उभे असतात.

पायरी २: नीट मोजा

चुकीच्या पद्धतीने मोजलेला आकडा न मोजलेल्यापेक्षा वाईट, कारण त्यावरून गोळ्या बदलल्या जातात. दंडावर बांधायचं डिजिटल यंत्र घ्या. मनगटाची यंत्रं हाताची उंची जराशी चुकली तरी फसतात. पट्टा दंडाच्या घेराला साजेसा हवा. जाड दंडाला लहान पट्टा बांधला तर दाब खोटाच जास्त दिसतो.

मोजण्याआधी अर्धा तास चहा, कॉफी, तंबाखू आणि व्यायाम नको. लघवी करून या. पाठ टेकून, दोन्ही पावलं जमिनीवर ठेवून, पायावर पाय न टाकता पाच मिनिटं शांत बसा. दंड उघडा, हात टेबलावर, पट्टा हृदयाच्या पातळीवर. बोलू नका, आणि घरच्यांनीही त्या वेळी बोलायला लावू नये. बोलण्याने आकडा सहज वर जातो. एका मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजा आणि दोन्ही आकडे लिहा. सकाळी गोळ्या घेण्याआधी आणि संध्याकाळी जेवणाआधी, असं रोज दोन वेळा.

डॉक्टरांकडे जाण्याआधीचे सलग सात दिवस असे मोजावेत. पहिल्या दिवसाचे आकडे सोडून बाकीच्यांची सरासरी काढावी. ती सरासरी हाच खरा आकडा. मधला एखादा १५२ किंवा एखादा १०४ त्याची जागा घेऊ शकत नाही. घरचे आकडे दवाखान्यातल्यापेक्षा थोडे कमी येतात: दवाखान्यातले १४०/९० म्हणजे घरचे साधारण १३५/८५.

सुरुवातीला एकदा दोन्ही हातांवर मोजून पाहा. फरक १० अंकांहून जास्त आणि वारंवार येत असेल तर डॉक्टरांना सांगा आणि पुढे जास्त आकडा येणारा हात वापरा. मनगटातून अँजिओप्लास्टी झाली असेल तर तिथली जखम भरेपर्यंत त्या हाताला पट्टा नको. ठोके अनियमित असतील तर यंत्राची चूक वाढते, म्हणून तीनदा मोजून सरासरी घ्या.

आणखी एक मोजमाप बहुतेक जण करत नाहीत: उभं राहून. नवी गोळी सुरू झाल्यावर किंवा डोस वाढल्यावर बसून मोजा, मग उभे राहा, एका मिनिटाने आणि तीन मिनिटांनी पुन्हा मोजा. वरचा दाब २० किंवा खालचा १० अंकांनी पडत असेल, तर घेरी येऊन पडण्याचा धोका आहे. रक्त गोठू न देणाऱ्या गोळ्या घेणाऱ्या माणसाचं डोकं आपटणं ही किरकोळ गोष्ट नव्हे. असा फरक दिसला की त्याच दिवशी कळवा.

पायरी ३: आकडा दिवसांच्या हिशोबाने वाचा

पहिले काही आठवडे दाब पूर्वीपेक्षा कमी असणं अगदी नेहमीचं आहे. नव्या गोळ्या एकदम सुरू झालेल्या असतात, खाणं आणि हालचाल कमी असते, हृदयाचा काही भाग अजून सावरत असतो. त्यामुळे ११०/७० पाहून ‘बीपी गेलं’ म्हणून जुन्या गोळ्या बंद करू नका. माणूस हिंडू-फिरू लागला, जेवण पूर्ववत झालं की पुढच्या काही आठवड्यांत दाब पुन्हा चढू शकतो, आणि नेमका त्याच सुमारास मोजण्याचा उत्साह मावळलेला असतो.

आता ईएफ शेजारी ठेवा. ईएफ ५५ आहे, माणूस ताजातवाना आहे, गोळ्या चालू आहेत आणि दाब ११२/७२ आहे, तर सगळं छान चाललं आहे. ईएफ ३० आहे, पूर्वी १६० असणारा दाब आता गोळ्या न वाढवताही ९८ आहे, थकवा आहे, पाय गार पडतात, तर दाब बरा झालेला नाही. पंपात जोर नाही म्हणून तो खाली आला आहे. मात्र ईएफ कमी असलेल्या कित्येकांना ९५-१०० च्या दाबावर काहीही त्रास होत नाही आणि त्यांच्या गोळ्या डॉक्टर मुद्दाम चालूच ठेवतात. त्रास आहे की नाही, यावर तिथे निर्णय फिरतो. म्हणून वहीत आकड्याशेजारी ‘चक्कर’, ‘धाप’, ‘ठीक’ असा एक शब्द लिहायची सवय लावा.

दीर्घकाळचं लक्ष्य किती? अमेरिकेतल्या हृदयरोग संघटनांच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांत १३०/८० च्या खाली असं आहे. युरोपीय हृदयरोग संघटनेच्या २०२४ च्या सूचनांत वरचा दाब १२० ते १२९, तोही सोसत असेल तर, असं म्हटलं आहे. वृद्ध, नाजूक प्रकृतीच्या किंवा उभं राहताच दाब पडणाऱ्या माणसासाठी डॉक्टर थोडं सैल लक्ष्य ठेवतात, आणि ते योग्यच आहे.

जितका कमी तितका चांगला, हे हृदयाच्या बाबतीत पूर्ण खरं नाही. हृदयाला रक्त विश्रांतीत, म्हणजे खालच्या दाबावर मिळतं. तो फार उतरला आणि रक्तवाहिन्यांत अजून अडथळे असले, तर स्नायू उपाशी राहू शकतो. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘क्लॅरिफाय’ अभ्यासात हृदयाच्या रक्तवाहिन्यांचा आजार आणि उच्च रक्तदाब असलेल्या २२ हजारांहून अधिक रुग्णांकडे पाहिलं गेलं. वरचा दाब १४० च्या वर किंवा खालचा ८० च्या वर असलेल्यांना धोका जास्त होता. पण वरचा १२० च्या खाली किंवा खालचा ७० च्या खाली असलेल्यांनाही तो वाढलेला दिसला. अशा निरीक्षणातून कमी दाबामुळेच धोका वाढला असं सिद्ध होत नाही, कारण आधीच खंगलेल्या माणसाचाही दाब कमी असतो. तरी स्वतःच्या मनाने जादा गोळी घेऊन आकडा आणखी खाली ओढू नये, एवढं त्यातून नक्की घ्यावं.

पायरी ४: ‘बीपीची गोळी’ बीपीपुरती नसते

माझा सगळ्यात कळकळीचा मुद्दा हा आहे. अटॅकनंतर दिलेल्या ज्या गोळ्या बीपीच्या म्हणून ओळखल्या जातात, त्यांतल्या बऱ्याच हृदयाचा आकार सांभाळायला दिलेल्या असतात. रामिप्रिलसारख्या ‘प्रिल’ गटातल्या गोळ्या पाहा. १९९२ च्या ‘सेव्ह’ चाचणीत अटॅकनंतर ईएफ ४० किंवा त्याखाली असलेल्यांना कॅप्टोप्रिल दिल्यावर मृत्यू १९ टक्क्यांनी कमी झाले. १९९३ च्या ‘एअर’ चाचणीत अटॅकनंतर हार्ट फेल्युअरची लक्षणं दिसलेल्यांना रामिप्रिल दिल्यावर ते २७ टक्क्यांनी घटले. या लोकांना ती गोळी दाब वाढला म्हणून दिलेली नव्हती. तेव्हा ‘आज बीपी नॉर्मल आहे, गोळी राहू दे’ हा हिशोब इथे जीवघेणा ठरू शकतो.

‘प्रिल’ने काहींना कोरडा, चिवट खोकला होतो. गोळी सोडून देऊ नका, डॉक्टरांना सांगा; ‘सार्टन’ गटातली गोळी तिची जागा घेऊ शकते. ओठ, जीभ किंवा चेहरा सुजला तर मात्र पुढची गोळी न घेता थेट हॉस्पिटल गाठा. या गोळ्या सुरू केल्यावर किंवा डोस वाढवल्यावर एक-दोन आठवड्यांत क्रिएटिनिन आणि पोटॅशियम तपासून घ्या. उलट्या-जुलाब होऊन अंगातलं पाणी कमी झालं तर याच गोळ्या आणि लघवीची गोळी किडनीला जड जातात. अशा दिवशी काय थांबवायचं ते फोन करून विचारा.

मेटोप्रोलॉल, बिसोप्रोलॉल, कार्व्हेडिलॉल या बीटा ब्लॉकर गोळ्या नाडी आणि दाब दोन्ही खाली आणतात. ईएफ कमी असेल तर त्यांचा फायदा पक्का आहे. ईएफ चांगला असलेल्यांना त्या किती काळ द्याव्यात यावर सध्या पुनर्विचार चालू आहे: स्वीडनच्या पुढाकाराने झालेल्या आणि २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘रिड्यूस-एएमआय’ चाचणीत अशा रुग्णांना त्यांचा वेगळा फायदा दिसला नाही. बातमी वाचून गोळी एकदम बंद करणं मात्र धोक्याचं आहे. अचानक थांबवली की नाडी आणि दाब उसळतात, छातीत दुखणं परत येऊ शकतं. थांबवायचीच ठरली तर डॉक्टर डोस टप्प्याटप्प्याने उतरवतात.

चक्कर येत असेल तर गोळी कमी करण्याआधी वेळ बदलता येते का ते विचारा. सगळ्या गोळ्या सकाळी एकत्र घेतल्याने दहा वाजता दाब पडत असेल, तर त्या दोन वेळांत विभागून प्रश्न सुटतो, असं अनेकदा घडतं.

पायरी ५: दाब गुपचूप वाढवणाऱ्या गोष्टी शोधा

गोळ्या नियमित असूनही आकडा खाली येत नसेल तर आधी घरातला औषधांचा डबा उघडा. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅकसारख्या वेदनाशामक गोळ्या मीठ-पाणी अंगात अडवून ठेवतात, दाब वाढवतात, आणि अटॅक येऊन गेलेल्याला दुसऱ्या अटॅकचा व रक्तस्रावाचा धोकाही वाढवतात. गुडघा किंवा पाठ दुखली म्हणून त्या घेऊ नका. पर्याय डॉक्टरांना विचारा. चोंदलेलं नाक मोकळं करणाऱ्या सर्दीच्या गोळ्या, पाण्यात टाकल्यावर फसफसणाऱ्या सोडियमयुक्त गोळ्या आणि रोज घेतलेलं ज्येष्ठमध, हे तिन्ही दाब वाढवू शकतात.

मीठ दिवसभरात एकूण ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे सपाट एक छोटा चमचा, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. पाकीटबंद आणि खारवलेल्या पदार्थांतलं मीठही यातच मोजायचं. ‘कमी सोडियम’ म्हणून मिळणाऱ्या मिठाबाबत सावध राहा. त्यात पोटॅशियम असतं, आणि ‘प्रिल’, ‘सार्टन’ किंवा स्पायरोनोलॅक्टोन ही लघवीची गोळी घेणाऱ्या माणसाच्या रक्तात ते साठून ठोके बिघडू शकतात. चांगल्या हेतूने केलेला हा बदल नेमका हृदयरुग्णालाच नडतो.

रात्री मोठ्याने घोरणं, मध्येच श्वास अडकणं आणि दिवसा पेंग येणं हेही सांगा. झोपेतला श्वासाचा अडथळा दाब हट्टी करतो. तंबाखू कोणत्याही रूपात नको, यावर वेगळं लिहायची गरज नाही.

पायरी ६: हालचाल

चालणं हळूहळू वाढवत आठवड्याला १५० मिनिटांपर्यंत न्यायचं. हृदयरुग्णांसाठी देखरेखीखालचा व्यायामाचा कार्यक्रम मिळत असेल तर तो सोडू नका. श्वास रोखून जड वजन उचलणं आणि शौचाला कुंथणं टाळा, कारण त्या काही क्षणांत दाब एकदम उसळतो. बद्धकोष्ठतेवर औषध मागायला लाजू नका.

पायरी ७: कधी थांबायचं, कधी धावायचं

आकडा १८० च्या वर आला पण काहीच त्रास नाही? शांत बसा, पाच-दहा मिनिटांनी पुन्हा मोजा, आजची गोळी चुकली का ते पाहा आणि डॉक्टरांना फोन करा. मनाने जादा गोळी घेऊ नका, आणि निफेडिपिनची कॅप्सूल फोडून जिभेखाली ठेवण्याचा जुना प्रकार तर अजिबात नको. दाब इतका झपाट्याने कोसळतो की त्यातूनच अटॅक किंवा पक्षाघात होऊ शकतो.

आकडा कितीही असो, छातीत दाब किंवा दुखणं, दरदरून घाम, बसूनही धाप, तोंड वाकडं होणं, एका बाजूचा हात-पाय लुळा पडणं, बोबडी वळणं, अचानक दिसेनासं होणं किंवा शुद्ध हरपणं यांतलं काहीही झालं की ॲम्ब्युलन्स बोलवा. पुन्हा मोजत बसू नका. स्वतः गाडी चालवू नका.

छातीत दुखल्यावर जिभेखाली ठेवायची नायट्रेटची गोळी दिली असेल तर ती बसूनच घ्यायची. वरचा दाब ९० च्या खाली असेल तर घ्यायची नाही. लैंगिक ताठरतेसाठी घेतल्या जाणाऱ्या गोळ्यांपैकी सिल्डेनाफिल घेतल्यापासून २४ तास आणि टाडालाफिल घेतल्यापासून ४८ तास नायट्रेट वर्ज्य आहे, कारण दोन्ही मिळून दाब धोकादायक पातळीवर पाडतात. ही गोष्ट संकोचामुळे लपवली जाते. कॅज्युअल्टीतल्या डॉक्टरांना ती स्पष्ट सांगा.

दाब ९० च्या खाली आणि सोबत घेरी, गार घाम, गोंधळल्यासारखं वागणं किंवा लघवी खूप कमी होणं असेल तर तीही तातडीची वेळ आहे. रोज सकाळी वजनही करा. तीन दिवसांत दोन किलो वाढलं तर अंगात पाणी साठत आहे. दाब नॉर्मल दिसत असला तरी त्याच दिवशी कळवा.

पायरी ८: पुढच्या भेटी

प्रत्येक भेटीला वही, सगळ्या गोळ्यांची पाकिटं आणि स्वतःचं यंत्र घेऊन जा. वर्षातून एकदा दवाखान्यातल्या यंत्राशी ते ताडून पाहा. ईएफ कमी असेल तर साधारण सहा आठवडे ते तीन महिन्यांनी इको पुन्हा होतो. त्याची तारीख आधीच ठरवून घ्या, कारण औषधं वाढवायची का आणि ठोके सांभाळणारं उपकरण बसवायचं का, हे त्यावर ठरतं.

वर्षभराने रक्त गोठू न देणाऱ्या दोन गोळ्यांपैकी एक सहसा थांबवली जाते. त्या दिवशी चिठ्ठी घरी आल्यावर नीट वाचा. ‘डॉक्टरांनी गोळ्या कमी केल्या’ एवढंच लक्षात ठेवून लोक त्याच फटक्यात दाबाच्या गोळ्याही सोडून देतात. कोणती गोळी थांबली आणि कोणत्या चालू राहणार, हे दवाखान्यातून निघण्याआधी डॉक्टरांसमोर वाचून दाखवा आणि जुन्या यादीवर काट मारून नवी यादी औषधांच्या डब्यावर चिकटवा.